भाषेच्या शिक्षकाचे शेजारी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शाळेच्या वेळापत्रकात प्रत्येक विषयाला एक चौकट मिळते. पहिला तास गणिताचा, दुसरा मराठीचा, तिसरा इंग्रजीचा. घंटा झाली की एक शिक्षक बाहेर पडतो, दुसरा आत येतो. दोघांची गाठ पडते ती दारात, आणि तीही डस्टर देण्याघेण्यापुरती. मुलाच्या डोक्यात मात्र अशा भिंती नसतात. गणिताच्या तासाला जे डोके असते तेच मराठीच्या तासाला असते, आणि गणित तरी ते कोणत्या ना कोणत्या भाषेतच समजून घेत असते. मग भाषा शिकवणाऱ्याने शेजारच्या वर्गातल्या माणसाशी बोलावे की नाही? आणि बोलायचे तर कोणत्या नात्याने?

हा प्रश्न आजकालचा नाही. युरोप-अमेरिकेत आधुनिक भाषांचे शिक्षक गेली सव्वाशे-दीडशे वर्षे त्याच्याशी झगडत आले आहेत. आधुनिक भाषा म्हणजे लॅटिन किंवा प्राचीन ग्रीकसारख्या ग्रंथांत उरलेल्या नव्हेत, तर आज कुणाच्या तरी घरात बोलल्या जाणाऱ्या परक्या भाषा. मी काही भाषाशास्त्राचा पंडित नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण शब्दांवर ज्याचे पोट नसले तरी जीव आहे, त्याला ही गोष्ट सांगाविशी वाटणारच.

ती सुरू होते जर्मनीत. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शाळांत फ्रेंच आणि इंग्रजी शिकवली जाई ती लॅटिनच्या साच्यात घालून. आधी व्याकरणाचा नियम, मग अपवादांची यादी, मग भाषांतरासाठी सुटी सुटी वाक्ये. एका वाक्याचा दुसऱ्याशी संबंध नाही आणि दोन्हींचा जगण्याशी नाही. सहा-सहा वर्षे फ्रेंच शिकलेल्या मुलासमोर खरा फ्रेंच माणूस उभा राहिला, तर मुलाच्या तोंडून शब्द फुटत नसे. लेखी परीक्षेत मात्र तो पास.

१८८२ साली तिथे एक छोटी पुस्तिका निघाली. भाषाशिक्षणाने आता तोंड फिरवले पाहिजे, अशा अर्थाचे तिचे नाव होते. लेखकाने टोपणनाव घेतले होते तेही सिसेरोच्या गाजलेल्या भाषणातले, ‘आणखी कुठवर?’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द. हा लेखक म्हणजे विल्हेल्म व्हिएटोर, इंग्रजीचा शिक्षक आणि पुढे मारबुर्ग विद्यापीठातला प्राध्यापक. त्याच्या तक्रारीचा एक भाग असा, की शाळकरी मुलांवर ओझे फार झाले आहे. दप्तराच्या ओझ्याची चर्चा आपल्याकडेच होते असे समजू नका. दुसरा भाग अधिक मोलाचा. भाषा ही आधी आवाज असते, अक्षर नंतर येते. तेव्हा भाषेच्या शिक्षकाला आवाजाचे शास्त्र यायला हवे. आणि ते शास्त्र भाषेच्या वर्गात नव्हते. ते शरीरशास्त्र, श्रवणशास्त्र आणि तौलनिक भाषाशास्त्र यांच्या वाटा जिथे मिळतात तिथे, नुकतेच कुठे उभे राहत होते.

चार वर्षांनी, १८८६ साली, पॅरिसमध्ये पॉल पासी या इंग्रजीच्या शिक्षकाने काही सहकाऱ्यांना जमवून ध्वनिशिक्षकांचा एक छोटा संघ काढला. त्याचे मुखपत्र निघाले तेही उच्चाराप्रमाणे स्पेलिंग करून छापलेले. थोड्याच दिवसांत जर्मनीचा व्हिएटोर, डेन्मार्कचा ऑटो येस्पर्सन आणि इंग्लंडचा हेन्री स्वीट या संघात आले. सगळ्या भाषांचे आवाज लिहिता येतील अशी एकच लिपी असावी, ही सूचना येस्पर्सनची. १८८८ मध्ये तिची पहिली आवृत्ती छापली गेली. आज इंग्रजी शब्दकोश उघडल्यावर शब्दापुढे उलट्यापालट्या अक्षरांत उच्चार दिलेला दिसतो ना, तो त्या लिपीतून आलेला. ती तयार झाली ती शाळेत शिकवणाऱ्यांच्या गरजेतून. मास्तर आणि शास्त्रज्ञ एका टेबलाशी बसले आणि त्यातून दोघांनाही उपयोगी पडेल अशी वस्तू निघाली.

याची वर्गातली परीक्षाही लगेच झाली. सायलेशियातल्या राइशनबाख गावच्या शाळेत हेर्मान क्लिंगहार्ट नावाचे शिक्षक होते. त्यांनी स्वीटचे पुस्तक वाचले आणि १८८७ मध्ये इंग्रजीच्या नव्या वर्गाला पुस्तक उघडू न देता पहिले दोन आठवडे नुसते आवाज शिकवले. त्यानंतर ध्वनिलिपीतला मजकूर, आणि नेहमीचे स्पेलिंग कितीतरी उशिरा. वर्षभरात काय घडले, कुठे अडले, हे त्यांनी १८८८ मध्ये प्रसिद्ध केले. विद्यापीठातल्या माणसाने सिद्धान्त मांडायचा आणि गावच्या मास्तरने तो वर्गात पारखून उत्तर द्यायचे, अशी ही दोन्ही बाजूंनी चालणारी वाट होती. लंडनला १९०७ पासून ध्वनिशास्त्र शिकवणारे डॅनियल जोन्स याच वाटेवरचे. ते केंब्रिजला गणित शिकलेले, शिवाय कायदा केलेले, आणि ध्वनिशास्त्राकडे आले ते पॅरिसला पासींकडे शिकून.

इथे आपल्या दाराशी येणारा एक धागा आहे. आवाज तोंडात कुठे आणि कसा तयार होतो, याचे बारकाईने वर्णन आपल्याकडे प्रातिशाख्यांनी आणि शिक्षाग्रंथांनी फार पूर्वी करून ठेवले होते. अमेरिकेच्या विल्यम ड्वाइट व्हिटनी यांनी १८६२ मध्ये अथर्ववेदाचे आणि १८७१ मध्ये तैत्तिरीय शाखेचे प्रातिशाख्य इंग्रजी भाषांतरासह छापले. युरोपातल्या ध्वनिशास्त्रावर या भारतीय परंपरेचे ऋण आहे, हे पुढे लंडनच्या जे. आर. फर्थ यांच्यासारख्या अभ्यासकांनी मोकळेपणाने मान्य केले. आपल्या मुळाक्षरांचा तक्ता पाहा. क-वर्ग कंठात, च-वर्ग टाळूला, ट-वर्ग मूर्ध्याशी, त-वर्ग दातांशी, प-वर्ग ओठांवर. घशापासून ओठांपर्यंत येणारा हा तोंडाचा नकाशाच आहे. पहिलीतली पोरे तो रोज घोकतात. पण हा नकाशा आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही. कारण सांगायचे तर तोंडाची रचना समजावी लागते, आणि ती पडते विज्ञानाच्या तासाला.

माझ्या घरची बोली दखनी. तीत ‘ळ’ नाही. मराठी शाळेत आमच्या तोंडून ‘शाला’ आणि ‘काला’ निघायचे आणि वर्ग हसायचा. भाषेचे मास्तर ‘पुन्हा म्हण’ म्हणायचे, आम्ही पुन्हा तेच म्हणायचो. एकदा विज्ञानाच्या मास्तरांनी फळ्यावर माणसाचे तोंड कापून दाखवावे तशी आकृती काढली. जीभ दातामागे टेकली की ‘ल’, आणि तिचे टोक मागे वळवून टाळूला लावून सोडले की ‘ळ’. पाच मिनिटांचे काम. त्यांना व्हिएटोर ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण पुन्हा म्हणायला सांगणे निराळे आणि कसे म्हणायचे ते दाखवणे निराळे, हे त्या पाच मिनिटांत आम्हाला कळले. तसाच तो ‘च’. ‘चाक’ मधला आणि ‘चंद्र’ मधला, अक्षर एकच पण आवाज दोन. मराठी घरातल्या मुलाला ते न शिकवता येते. बाहेरून भाषेत येणाऱ्याला कुणीतरी सांगावे लागते.

तर शास्त्र आले आणि भाषेच्या शिक्षकाचे भले झाले, इतकी ही गोष्ट सरळ असती तर सांगायला फारसे काही उरले नसते. हेन्री स्वीट यांचे नाव वर आले. १८९९ मध्ये भाषांच्या व्यावहारिक अभ्यासावर त्यांनी लिहिलेला ग्रंथ या विषयातला पायाचा दगड मानला जातो. माणूस विलक्षण विद्वान आणि तितकाच तिखट. बर्नार्ड शॉ यांनी १९१२ साली ‘पिग्मॅलियन’ लिहिले तेव्हा त्यातल्या ध्वनिशास्त्राच्या प्रोफेसरात स्वीट यांची छटा होती, हे शॉ यांनीच प्रस्तावनेत सांगितले आहे. या नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी केलेले ‘ती फुलराणी’ १९७५ मध्ये रंगभूमीवर आले, आणि भक्ती बर्वे यांची मंजुळा महाराष्ट्र विसरला नाही. त्या नाटकातली मेख काय? प्रोफेसर फुलवालीचे उच्चार सुधारतो. त्याचे शास्त्र खरे ठरते, पैजही तो जिंकतो. फक्त समोर बसलेली पोर हे माणूस आहे, तिचे काही म्हणणे असू शकते, हे त्याच्या ध्यानात येत नाही. शास्त्र वर्गात शिरताना जोडीदार म्हणून येते की मालक म्हणून, हा प्रश्न शॉ यांनी असा हसत हसत मांडून ठेवला. पुढच्या पन्नास वर्षांनी त्याचे गंभीर उत्तर दिले.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरली तेव्हा एक अडचण समोर आली. सैन्य जपानपासून इटलीपर्यंत पोहोचणार, पण तिथल्या भाषा बोलणारे लोक हाताशी नाहीत. डिसेंबर १९४२ मध्ये लष्कराने विद्यापीठांच्या मदतीने प्रशिक्षणाची एक मोठी योजना उभी केली. भाषेच्या कामात पंचावन्न विद्यापीठे सामील झाली. या वर्गांची मांडणी पाहण्यासारखी होती. एक भाषाशास्त्रज्ञ, त्याला ती भाषा येत असलीच पाहिजे असे नाही, पण भाषा कशी उकलायची ते त्याला कळते. त्याच्या जोडीला ती भाषा घरात बोलणारा माणूस, मग तो शिक्षक नसला तरी चालेल. शिवाय त्या प्रदेशाचा भूगोल, इतिहास आणि समाज समजावणारे निराळे प्राध्यापक. भाषा आणि भूमी एकत्र शिकवायची. लिओनार्ड ब्लूमफिल्ड यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये या कामासाठी छोटी मार्गदर्शिका लिहिली. छोटे गट, भरपूर सराव आणि शिकण्याची निकड, यामुळे सैनिक खरोखरच बोलू लागले.

त्या लाटेत आपली हिंदुस्तानीही होती. हेन्री होनिग्स्वाल्ड यांचे बोली हिंदुस्तानीचे पाठ्यपुस्तक १९४५ मध्ये अमेरिकेत निघाले. पुढे १९५५ मध्ये हेच होनिग्स्वाल्ड पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. तिथे डॉ. सु. मं. कत्रे यांच्या नेतृत्वाखाली रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने भाषाप्रकल्प चालू होता. उन्हाळी वर्गांत देशभरातले संस्कृतचे, इंग्रजीचे आणि देशी भाषांचे तरुण अध्यापक एकत्र बसून नवे भाषाशास्त्र शिकत होते. त्याच सुमारास, १९५५ मध्येच, डॉ. ना. गो. कालेलकर यांचे ‘ध्वनिविचार’ मराठीत आले. पॅरिसला शिकून आलेल्या या माणसाने आवाजाचे शास्त्र सोप्या मराठीत आणून ठेवले.

अमेरिकेत मात्र युद्धानंतर गाडी वेगळ्या रुळावर गेली. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाने स्पुट्निक सोडला आणि आपण मागे पडलो या धास्तीने अमेरिकेने १९५८ मध्ये शिक्षणासाठी खास कायदा केला. गणित आणि विज्ञानाच्या बरोबरीने परक्या भाषांनाही पैसा मिळाला. शिक्षकांसाठी उन्हाळी प्रशिक्षणे निघाली, शाळाशाळांत टेपरेकॉर्डर आणि हेडफोन लावलेल्या भाषा-प्रयोगशाळा आल्या. या सगळ्यामागे दोन शास्त्रांचा आधार होता. भाषाशास्त्राने सांगितले, भाषा म्हणजे वाक्यांचे साचे. त्या काळच्या मानसशास्त्राने सांगितले, शिकणे म्हणजे सवय लागणे. दोन्ही मिळून शिक्षकाला आदेश मिळाला तो असा: साचे घोकवा, चूक होऊ देऊ नका, सवय लागली की भाषा आली. युद्धकाळात भाषाशास्त्रज्ञ वर्गात येऊन बसत होता. आता तो विद्यापीठातच राहिला आणि वर्गात आली फक्त त्याची टेप.

मग दोन गोष्टी घडल्या. पेनसिल्व्हेनिया राज्यात १९६५ ते १९६९ या काळात फ्रेंच आणि जर्मनच्या वर्गांची मोठी पाहणी झाली. नवी पद्धत आणि प्रयोगशाळा यांच्यामुळे मुले पुढे गेली असतील, ही अपेक्षा तिच्यातून खरी ठरली नाही. दुसरी गोष्ट अधिक धक्का देणारी. १९६६ मध्ये भाषाशिक्षकांच्या परिषदेत नोम चॉम्स्की बोलायला उभे राहिले. भाषाशास्त्रात त्यांच्या नावाचा दबदबा होता. त्यांनी सांगितले ते थोडक्यात असे, की भाषाशास्त्र आणि मानसशास्त्र यांच्या निष्कर्षांवरून भाषा कशी शिकवावी हे ठरवता येईल याबद्दल मी साशंक आहे. शास्त्राकडून काय घ्यायचे आणि काय टाकायचे, हे शिक्षकांनीच पारखायचे. ज्या दारातून हुकूम येत होते, त्या दारातूनच असा निरोप आला. कित्येक शिक्षकांना पायाखालची जमीन सरकल्यासारखे झाले असेल. मला वाटते, त्या दिवशी शिक्षकाला त्याचा मान परत मिळाला.

याच सुमारास कॅनडात वेगळी सुरुवात झाली, आणि ती केली आईबापांनी. मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट या उपनगरात इंग्रजी बोलणारी कुटुंबे होती. भोवतालचे क्यूबेक फ्रेंच बोलणारे, आणि शाळेत वर्षानुवर्षे फ्रेंच शिकून मुलांना शेजाऱ्याशी बोलता येत नव्हते. काही पालकांनी नेट धरला. मॅक्गिल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ वॉलेस लँबर्ट आणि मेंदूचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांचा त्यांनी सल्ला घेतला. सप्टेंबर १९६५ मध्ये सव्वीस मुलांचा बालवर्ग पूर्णपणे फ्रेंचमधून सुरू झाला. पुढे गणितासारखे विषयही फ्रेंचमधूनच. लँबर्ट आणि त्यांचे सहकारी रिचर्ड टकर यांनी या मुलांची वर्षानुवर्षे चाचणी घेतली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. मुलांची इंग्रजी मागे पडली नाही, गणित मागे पडले नाही, आणि फ्रेंच नेहमीच्या वर्गांतल्या मुलांपेक्षा कितीतरी पुढे गेली.

पण इथेही एक कंगोरा होता. मेरिल स्वेन या संशोधिकेने १९८०च्या दशकात दाखवून दिले, की या वर्गांतल्या मुलांना फ्रेंच उत्तम समजते, मात्र स्वतः बोलता-लिहिताना व्याकरण डळमळते. कारण वर्गात विषय शिकवला जातो, पण विषयातली भाषा शिकवायची राहून जाते. भूगोल फ्रेंचमधून शिकवला म्हणजे फ्रेंच आपोआप शिकवून झाली असे होत नाही. शिक्षकाच्या तयारीतच दोन्ही नजरा यायला हव्यात.

इंग्लंडने हा प्रश्न मातृभाषेच्या बाजूने सोडवायला घेतला. १९७२ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते अ‍ॅलन बुलक, म्हणजे एक इतिहासकार. १९७५ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालाने सांगितले, की भाषा ही सगळ्या विषयांची जबाबदारी आहे आणि प्रत्येक शाळेने त्याबद्दल आपले धोरण ठरवावे. पुढे यॉर्कच्या एरिक हॉकिन्स यांनी एक साधी विसंगती दाखवली. एकाच शाळेत मातृभाषेचा शिक्षक आणि फ्रेंचचा शिक्षक त्याच मुलांना शिकवतात, पण एक ज्याला एका नावाने हाक मारतो त्याला दुसरा दुसऱ्याच नावाने. मुलाने ही दोन जगे आपापली जुळवायची. ‘भाषेची जाण’ असा एक जोडपूल दोघांनी मिळून बांधावा, हे त्यांनी १९८४ च्या पुस्तकात मांडले.

आपल्याकडे हा विचार २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात आला. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले तेव्हा ‘अभ्यासक्रमात सर्वत्र भाषा’ हा विषय सगळ्याच भावी शिक्षकांच्या वाट्याला आला, मग तो गणिताचा असो की इतिहासाचा. कागदावर ही मोठी गोष्ट आहे. पण तो एक पेपर होऊन बसला, परीक्षा झाली आणि विसरला गेला, तर वेळापत्रकात आणखी एक चौकट वाढली एवढेच म्हणायचे.

म्हणून एक अगदी घरगुती उदाहरण देतो. गणिताच्या पुस्तकात वाक्य असते, ‘१२ ला ४ ने भागा.’ उत्तर ३. आता ‘१२ ने ४ ला भागा’ म्हटले तर उत्तर एकतृतीयांश. आकडे तेच, क्रिया तीच. बदलले ते ‘ला’ आणि ‘ने’ हे दोन प्रत्यय. मराठीच्या तासाला हेच प्रत्यय ‘स-ला-ते’, ‘ने-ए-शी’ असे पाठ होतात आणि विभक्तीचे नाव लिहून दोन गुण मिळतात. गणिताच्या तासाला त्याच प्रत्ययांवर अख्खे उदाहरण उभे असते. ज्याच्या घरी मराठी आहे तो कानाने तरून जातो. ज्याच्या घरी उर्दू, गोंडी, पावरी किंवा भोजपुरी आहे, त्याचे उत्तर चुकते आणि शेरा पडतो, ‘गणितात कच्चा’. तो गणितात कच्चा नसतोच. त्याला ‘ला’ आणि ‘ने’ कुणी हिशेबात घालून दाखवलेले नसते. मराठीच्या बाई आणि गणिताचे सर एक तास शेजारी उभे राहिले, तर हे होऊ शकते.

२०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. मराठीवर माझे प्रेम आहे, त्यामुळे ती सगळ्या मुलांपर्यंत जावी असे मला वाटणारच. पण कायदा मुलाला मराठीच्या दारापर्यंत आणतो, आत नेत नाही. आत नेणारा शिक्षक लागतो. उर्दू शाळेत मराठी शिकवणाऱ्याने त्याच शाळेतल्या उर्दूच्या शिक्षकाला विचारावे, तुमच्याकडे ‘को’ आणि ‘से’ कसे शिकवता? आमच्या ‘ला’ आणि ‘ने’ ला ते कुठे भेटतात आणि कुठे वाट सोडतात? अध्यापक विद्यालयात भाषेच्या आणि गणिताच्या छात्रशिक्षकांनी एकच पाठ मिळून काढावा, एकाने शिकवावा आणि दुसऱ्याने मुलांची वाक्ये टिपावीत. त्याला ना प्रयोगशाळा लागते ना परदेशी तज्ज्ञ.

दीडशे वर्षांचा हा इतिहास एवढेच सांगतो, की भाषेच्या शिक्षकाला शेजाऱ्याची गरज नेहमीच होती. शेजारी वर्गात येऊन बसला, मास्तरचे ऐकले आणि आपलेही सांगितले, तेव्हा पासीची लिपी जन्मली, क्लिंगहार्टचा वर्ग बोलू लागला. शेजाऱ्याने लांबून हुकूम पाठवला, तेव्हा महागडी यंत्रे आली आणि मुले होती तिथेच राहिली. शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत एक मोठे टेबल असते. त्यावर वह्यांचे गठ्ठे असतात, डबे असतात, मस्टर असते. त्या टेबलाशी दोन विषयांची माणसे डब्याबरोबर एखादे अडलेले वाक्यही उघडून बसली, तर भाषेचे शिक्षण तिथूनही सुरू होईल.